आकृती क्रमांक एक

मुलाखतीच्या खोलीत भिंतीवर माझं आजोळ होतं.

प्रोजेक्टरचा उजेड. पांढऱ्या भिंतीवर चौकोन आणि गोल. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. काळा भरलेला चौकोन म्हणजे आजारी मुलगा. त्यावर तिरकी रेघ म्हणजे तो गेला. अनुवंशशास्त्र शिकलेल्या कुणालाही ही आकृती वाचता येते. मी वाचत नव्हते. मी माणसं बघत होते. वरचा रेघ मारलेला चौकोन माझा मामा. त्याच्या खालच्या ओळीत कमलमावशीचा मोठा मुलगा, तोही गेलेला. रेघ नसलेला काळा चौकोन माझा भाऊ सुमेध. तो त्या वेळी नाशिकरोडच्या आमच्या घरात व्हीलचेअरवर बसून मॅच बघत होता. आणि त्याच्या शेजारचा गोल, मधोमध टिंब असलेला, ती मी.

टिंब म्हणजे वाहक. स्वतः ठणठणीत. पण आजार जिच्या पोटातून पुढे जाऊ शकतो अशी बाई.

शहरातल्या एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली होती. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ सगळ्या उमेदवारांना हीच आकृती समजावून सांगायला लावत होते. एका गाजलेल्या पेपरातली, म्हणजे शोधनिबंधातली होती ती. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लेझरचा लाल ठिपका त्या टिंबावर ठेवला.

"या मुलीबद्दल काय सांगाल?"

मी सांगितलं. वर्गात शिकवावं तसं सांगितलं. हिला मुलगा झाला तर तो आजारी असण्याची शक्यता निम्मी. मुलगी झाली तर ती हिच्यासारखी असण्याची शक्यता निम्मी. आवाज हलला नाही. तज्ज्ञांनी मान डोलावली आणि शेजारच्या सदस्याकडे वळून म्हणाले, "या लोकांत आपापसात लग्नं फार. मग हे असं होणारच. पेपरात दिलंय ना."

शेजारचे हसले. कुणीतरी चहाचा कप पुढे ओढला.

मग त्यांनी माझी फाइल उघडली. स्वतःचं पब्लिकेशन काय, म्हणून विचारलं. मी म्हणाले, सर, हेच काम माझं आहे. जनुकातला हा बदल मी शोधलाय. त्यांनी पेपराचं पहिलं पान भिंतीवर आणलं. वरची नावं वाचली. पहिलं केदारचं, शेवटचं मॅडमचं, मध्ये आणखी काही.

"तुमचं नाव तर दिसत नाही."

"नाही."

"मोठ्या लॅबमधून आलेले सगळे असंच सांगतात. आम्हाला कागदावर दिसेल तेच धरावं लागतं."

कागदावर मी होते. आत्ताच त्यांनी माझ्यावर ठिपका धरला होता. मी थँक यू म्हटलं आणि उठले. बाहेर बाकड्यावर पुढचा उमेदवार बसला होता. त्याने विचारलं, आत काय विचारतात? आकृती, म्हटलं, आणि जिना उतरले.

मला शास्त्रज्ञ वगैरे व्हायचं नव्हतं. सुमेधला काय झालंय, एवढंच मला हवं होतं. तो शाळेच्या पायऱ्यांवर पडायचा. बाई म्हणायच्या, कामचोर आहे, पीटीच्या तासालाच बरा पडतो. मग मांडीला हात लावून उठायला लागला. मग उठेना. पप्पा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला होते. शिफ्ट संपवून येऊन ते त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचे. स्नायूंचा आजार आहे हे डॉक्टर सांगायचे, पण रक्ताची तपासणी करायची आणि रिपोर्ट यायचा, जनुकात काही दोष नाही. दोष नाही, आणि पोरगा खुर्चीत. मामा असाच गेला होता. मावशीचा मुलगाही. आई रिपोर्ट हातात घेऊन बसायची आणि म्हणायची, मग हे काय आहे?

मी बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, पीएच.डी.ला मॅडमकडे गेले. मॅडमचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते जगभर लिहिलं जातं. माझ्या हातून त्यात भर नको.

पहिल्या दिवशी मॅडमनी माझ्या अर्जावरचं आडनाव वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. आडनाव वाचून वर बघणारी माणसं मला लहानपणापासून ठाऊक होती. त्यांनी पुढचं पान उलटलं आणि विचारलं, कशावर काम करायचंय? मला तेवढंच पुरलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी मी त्यांच्या मुलीच्या ताटाशेजारी बसून जेवले. लोकांना ओळख करून देताना त्या म्हणायच्या, ही माझी दुसरी मुलगी. सुमेधला न्यूमोनिया झाला तेव्हा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आईचा हात हातात घेऊन दुपारभर बसल्या. ते नाटक नव्हतं. आजही मला वाटतं, नाटक नव्हतं. म्हणूनच जास्त जळतं.

घरचं सगळं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण शोधू. घरच्यांचं रक्त आण. आई, सुमेध आणि मी, आमचं सोपं होतं. प्रश्न मावशीचा होता. ती देवळा तालुक्यात राहते, दुसऱ्याच्या शेतात कांदा लावायला, काढायला जाते. मुलगा गेल्यापासून तिने दवाखान्याची पायरी चढली नव्हती. मी एसटीने गेले. तिच्या ओट्यावर बसले. काय करायचंय ते समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बाही वर केली.

"तू मांगस म्हनीसन देस."

तू मागतेस म्हणून देते. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर दिलं नसतं, हेही ती नंतर म्हणाली. तिची मुलगी प्रज्ञा बारावीला होती. तिनेही हात पुढे केला.

मग नुसतं काम. जनुक म्हणजे एक लांबच लांब मजकूर असतो. नेहमीची तपासणी त्यातले ठरावीक भागच वाचते. मी उरलेला वाचत बसले, जो कुणी वाचत नाही कारण तिथे काही नसतं असं धरलेलं असतं. एका दुपारी तिथे एक अक्षर बदललेलं सापडलं. सुमेधमध्ये होतं. आईत होतं. मावशीत होतं. माझ्यात होतं. प्रज्ञात नव्हतं. मी पुन्हा पुन्हा केलं, प्रत्येक वेळी तेच. मॅडमच्या केबिनमध्ये पळत गेले. त्यांनी मला मिठी मारली आणि पेढे मागवले.

घरी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. सुमेधने विचारलं, सापडलं? म्हटलं, सापडलं.

"मग मी बरा होणार?"

"नाही रे."

"मग पेढे कशाचे?" म्हणाला, आणि एक उचलला.

कशाचे ते मी त्याला सांगितलं. आता आमच्या घरातल्या मुलींना आधी कळणार होतं. आमच्यासारख्या दुसऱ्या घरांनाही, ज्यांच्या हातात कोरे रिपोर्ट पडत होते. प्रज्ञाला मी फोन करून सांगितलं, तुझ्यात नाही. मावशी फोनवर रडली.

पेपर मी लिहिला. मॅडम म्हणाल्या, इंग्रजी जरा कच्चं आहे, केदार बघेल. केदार लॅबमधला माझ्या बरोबरीचा मुलगा, परदेशी जायची तयारी करत होता. कॉम्प्युटरवरचं काही विश्लेषण त्याने केलं होतं, ते मी नाकारत नाही. महिने गेले. विचारलं की मॅडम म्हणायच्या, समीक्षकांकडे आहे. एक दिवस कॅन्टीनमध्ये कुणीतरी केदारचं अभिनंदन केलं. मी मोबाइलवर पेपर उघडला.

नावांची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खाली आले. आकृती क्रमांक एकमध्ये मी होते. शेवटी आभारांमध्येही होते, 'कुटुंबाच्या सहकार्याबद्दल.' त्याच्या आधी चर्चेच्या भागात एक वाक्य होतं. मी लिहिलेलं नव्हतं. नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातलं अनुसूचित जातीचं कुटुंब, आणि या समूहातल्या आपसातल्या लग्नांमुळे असे दोष टिकून राहतात, असं काहीतरी.

आता हे नीट ऐका. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. बाप नात्यातला की परका, याने काडीचा फरक पडत नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला हे माहीत असतं. मॅडमना माहीत नव्हतं? आणि आमच्या घरात नात्यात लग्न झालेलंच नाही. आजीचं नाही, आईचं नाही, मावशीचं नाही. ते वाक्य शास्त्रातून आलं नव्हतं. ते दुसरीकडून आलं होतं. आडनाव वाचून वर न बघणाऱ्या बाईच्या आत ते कुठेतरी होतंच.

मी केबिनमध्ये गेले. मॅडम चिडल्या नाहीत. खुर्ची दिली.

"अगं, तू त्या आकृतीत आहेस. आकृतीतला माणूस लेखक कसा होईल? समीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील."

मी म्हटलं, शोधलं मी. त्या म्हणाल्या, कोण नाही म्हणतंय? पण तू पेशंटच्या घरची. हे तुझ्या भल्यासाठीच. पुढचा पेपर तुझाच. वाक्याचं विचारलं तर म्हणाल्या, संदर्भ द्यावा लागतो, मनाला लावून घेऊ नकोस. मनाला. मी गणित सांगत होते, त्या मनाचं बोलत होत्या.

पुढचा पेपर आला नाही. माझा प्रबंध पास झाला, पदवी मिळाली. मॅडमच्या कॉम्प्युटरवर मात्र एक पान कायम उघडं असायचं. कुठल्या पेपराचा किती जणांनी आधार घेतला, त्याचा आलेख. आमच्या पेपराची रेघ सरळ वर गेली होती. त्या निमित्ताने लॅबमध्ये केक कापला. मलाही तुकडा दिला.

एवढा आधार कोण घेतंय म्हणून मी ते पेपर एकेक उघडून वाचले. काही तपासणीच्या लॅब होत्या, त्यांना माझं अक्षर हवं होतं. बाकीच्यांना ते वाक्य हवं होतं. भारतातल्या अमुक समूहांत आपसातल्या लग्नांमुळे, आणि कंसात आमचा पेपर. एकाने लिहिलं, दुसऱ्याने त्याचं उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. कुणी आकृती बघितली नाही, कुणी विचारलं नाही की नात्यातलं लग्न आहे कुठे यात. मॅडमची रेघ ज्याने वर गेली, त्यात आमची बदनामी मोजलेली होती. त्याच वाक्यावर त्यांना मोठा प्रकल्प मिळाला. जिल्ह्यातल्या वस्त्यांमधली लग्नं आणि आजार.

कॉलेजातली ती मुलाखत याच काळातली. तिथूनही मी गप्प परत आले होते.

मग मॅडमना पुरस्कार मिळाला आणि पेपरात, म्हणजे रोजच्या वर्तमानपत्रात, त्यांची मुलाखत आली. फोटोसकट. त्यात त्यांनी सांगितलं होतं की देवळा तालुक्यातल्या एका बौद्ध कुटुंबापर्यंत त्या स्वतः पोचल्या, त्यांचं मन वळवलं, या घरातल्या मुली हा दोष पुढे नेतात हे त्यांना समजावलं. मॅडम देवळ्याला कधीच गेल्या नाहीत. त्या भागात व्हीलचेअरवरचं पोरगं वारलेलं बौद्धांचं घर एकच. नाव छापायची गरजच नव्हती.

प्रज्ञाचं लग्न सटाण्याच्या एका घरात ठरलं होतं. मुलगा शिक्षक. त्यांचा निरोप आला, थांबा. मग आला, नको.

फोन प्रज्ञाने केला. ती रडत नव्हती. म्हणाली, ताई, माझ्यात नाही म्हणालीस ना तू? मी हो म्हटलं. ती म्हणाली, ते त्यांना कुठे वाचायला मिळेल? आकृतीत तिचा गोल कोरा होता, पण त्यावर नाव नव्हतं. माझा तोंडचा शब्द होता, आणि समोर छापलेलं वाक्य.

मी देवळ्याला गेले. पिंपळगावच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत एसटी अडकली आणि मला वाटलं, अडकूनच राहावी. मावशीने पाणी दिलं. चहा ठेवला. माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. चहा गाळता गाळता तिने विचारलं, त्या बाईला बक्षीस मिळालं, तुला काय मिळालं? म्हटलं, काही नाही. तिला खरं वाटेना. तुझं नाव तर असेल की त्यात, म्हणाली. नाही म्हटलं. तिने गाळणी खाली ठेवली.

"रक्त आम्हनं शे. नाव कोन्हं शे?"

रक्त आमचं. नाव कुणाचं. मी इतकी वर्षं इंग्रजीत जे मांडायला धडपडत होते ते मावशीने चहाच्या पातेल्याशी उभं राहून विचारलं होतं. आणि माझ्या लक्षात आलं की मी आतापर्यंत फक्त माझ्या नावासाठी झुरत होते. तिचं काय गेलं, ते मी धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. या वेळी खुर्चीवर बसले नाही. म्हटलं, तालुका काढा, जात काढा, ते वाक्य काढा. चुकीचं आहे ते. तुम्हाला माहीत आहे.

मॅडमनी चष्मा काढला. दमलेल्या दिसल्या.

"ते वाक्य काढलं तर उरतं काय?"

"मी शोधलेला बदल उरतो, मॅडम."

त्या म्हणाल्या, तो आता सगळ्यांचा झाला. प्रकल्प त्या वाक्यावर उभा आहे, त्यात किती जणांची पोटं आहेत. मग बोलता बोलता त्यांनी आवाज खाली आणला. तू इतकी दुखावली असशील असं वाटलं नव्हतं, म्हणाल्या. दुरुस्ती छापून घेऊ. केदारच्या बरोबरीने पहिलं नाव तुझं. मी आजच लिहिते. पुढच्या मुलाखतीला तू अशी रिकामी जाणार नाहीस.

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? पप्पा रिटायर झालेले. सुमेधला आता रात्री श्वासाचं मशीन लागतं. माझं वय नोकरीच्या हद्दीला टेकलेलं. ती एक ओळ छापून आली असती तर त्या कॉलेजातल्या भिंतीवर माझं नाव दिसलं असतं. मी विचारलं, "आणि वाक्य?"

"ते राहील. तेवढं समजून घे."

म्हणजे त्या वाक्यावर आता माझं नाव येणार होतं. आमच्यातल्याच मुलीने लिहिलंय म्हटल्यावर ते चूक म्हणायला कुणाची जीभ उचलली असती? मावशीच्या घरावर माझीच सही.

"मॅडम, नाव नको. आमचं घर त्या पेपरातून बाहेर काढा."

त्या उभ्या राहिल्या. रागावण्याआधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. म्हणाल्या, मुलीसारखं वागवलं तुला. काय कमी केलं? मी विचारलं, तुमच्या मुलीची अशी आकृती काढून, खाली तिची जात लिहून छापली असती? त्या खिडकीकडे वळल्या. म्हणाल्या, जा तू. मी गेले.

तक्रार घरीच लिहिली. टाइप सुमेधने केली. त्याची बोटं अजून चालतात, हळू चालतात. माझ्या प्रत्येक वाक्यावर तो म्हणायचा, ताई, रडू नकोस, मुद्दा लिही. आम्ही लिहिलं की आमचं रक्त आजाराचा शोध घेण्यासाठी दिलं होतं, जातीवर शेरा मारण्यासाठी नाही. आमची संमती आम्ही परत घेतो. ते वाक्य शास्त्राने चूक आहे, ते कसं चूक आहे ते हे असं. आईने सही केली. प्रज्ञाने मावशीला सगळं वाचून दाखवलं आणि मावशीने सही केली. पेपर छापणाऱ्या मासिकाला पाठवलं, मॅडमच्या संस्थेला पाठवलं.

केदारचा परदेशातून मेसेज आला, मला यात ओढू नकोस. लॅबमधली मैत्रीण रस्त्यात दिसली की फोन कानाला लावते. आमच्या समाजातले एक निवृत्त प्राध्यापक मुद्दाम घरी आले. चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, बेटा, नाव देत होत्या तर घ्यायचं होतंस. आता पुढे आपल्या मुलींना त्या दारात कोण उभं करेल? मी त्यांना चहा दिला. पटलं नाही, पण त्यांचा प्रश्न खोटाही नव्हता.

मासिकाने पेपरावर सूचना टाकली आहे की चौकशी चालू आहे. पेपर अजून तिथेच आहे. आलेख अजून वर जातोय. संस्थेने समिती नेमली, तिच्यात मॅडमच्या ओळखीचे लोक आहेत. मला बोलावलं, माझी पात्रता विचारली, वाक्याचं विचारलं नाही. समितीकडे मी पुन्हा अर्ज केलाय. पुन्हा करेन. त्या तज्ज्ञांच्या कॉलेजने घेतलं नाही हे सांगायला नकोच. मी कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये बारावीला बायोलॉजी शिकवते. प्रज्ञाचं ते लग्न मोडलंच. ती नर्सिंगला गेली. ती म्हणते, बरं झालं, पण तिच्या आईला अजून तसं म्हणता येत नाही.

मॅडमवर मी प्रेम केलं होतं. ते परत मागता येत नाही, त्याची संमती मागे घेता येत नाही. ते मी सोडून दिलंय.

मॅडमचा तो नवा प्रकल्प सुरू झालाय. मोफत तपासणी असा बोर्ड लावून गाडी वस्त्यांमध्ये येते. रविवारी मला सुट्टी असते. मी आणि प्रज्ञा तिच्या स्कूटीवर निघतो. परवा सिन्नरकडच्या एका वस्तीत गेलो. समाजमंदिरात बाया जमल्या. मी त्यांना रक्त देऊ नका म्हटलं नाही. तपासणी व्हायलाच हवी, मी कोण अडवणारी? मी म्हटलं, देण्याआधी विचारा. रक्त कुठे जाणार? रिपोर्ट आमच्या हातात कधी येणार? आमच्याबद्दल काय लिहिणार, ते छापण्याआधी आम्हाला मराठीत वाचून दाखवणार का? नाही म्हटले तर बाही खाली करायची. एका म्हातारीने विचारलं, "तू कोन गं, डाक्टर का?" म्हटलं, हो. पण आज पेशंटच्या बाजूने आलेय.

तपासणीच्या गाडीवरच्या मुलांनी मला बघितलं आणि कुणाला तरी फोन लावला. लावू देत. ती गाडी ज्या ज्या वस्तीत जाईल, तिच्या आधी मी तिथे पोचलेली असेन.